बंद जिनिंगचे कृष्णधवल फोटो: आधी कापूस कुठून कुठे जायचा ते शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाजवळची बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) आणि तालुक्याच्या ठिकाणची जुनी मिल तुम्हाला कृष्णधवलमध्ये टिपायची आहे. कॅमेरा साधा डीएसएलआर, लेन्स सोबत आलेली १८-५५ मिमीची. फोटो काढून बघितले, पण सगळेच भुताच्या वाड्यासारखे येतात. तेव्हा वाइड लेन्स घ्यावी का? लेन्सचं शेवटी सांगतो, कारण अडचण तिथे नाही.

रंग काढला, कॉन्ट्रास्ट ताणला, कोपरे काळे केले की कुठलीही पडकी इमारत भुताटकीचीच दिसते. मग ती खान्देशातल्या धरणगावची जिनिंग आहे की एखादी ओस पडलेली शाळा, काही फरक उरत नाही. माझी कसोटी साधी आहे. ज्या माणसानं तिथे आयुष्यभर हंगाम काढले, त्याच्या हातात फोटो दिला तर त्याला आपली जागा ओळखू आली पाहिजे. "हा आमचा प्लॅटफॉर्म, इथून सरकी खाली पडायची," असं तो बोलायला लागला, तर फोटो जमला. कृष्णधवल मी त्यासाठीच करतो. निळा डिस्टेंपर, पानाच्या पिचकाऱ्या, पत्र्यावरच्या जाहिराती, घाणेरीची फुलं यांची गर्दी रंगाबरोबर निघून जाते आणि भिंती, छपराच्या कैच्या (छप्पर तोलणारे तिकोनी सांगाडे), उजेड एवढंच समोर राहतं.

म्हणून पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि कापसाच्या मागे चाला. फाटकाशी वजनकाटा असतो. तिथून पुढचं मोठं आवार गाड्या उभ्या राहायला आणि कापसाच्या गंज्या लावायला. मग लांबट जिनघर. जुन्या जिनघरात रेचे, म्हणजे सरकी वेगळी करणारी यंत्रं, उंच ओट्यावर रांगेनं मांडलेले असायचे आणि ओट्याखालच्या बोळातून एक लांब शाफ्ट फिरायचा. त्या शाफ्टवरून प्रत्येक रेच्याला चामड्याचा पट्टा. रुई समोर पडायची, सरकी खाली. आज रेचे भंगारात गेले असतील, पण ओट्यावरचे बोल्ट, पट्ट्यांसाठी ठेवलेल्या फटी, बेअरिंगचे दगडी चौथरे बहुधा जागेवरच असतात. त्या फटींची रांग हाच त्या खोलीचा खरा फोटो आहे, आणि ती डोळ्याच्या उंचीवरून दिसत नाही. ओट्यापाशी गुडघ्यावर बसावं लागतं.

जिनघराच्या शेजारी, पण थोडं अंतर सोडून, एक अरुंद आणि उंच इमारत दिसेल. ते प्रेसघर. रुई दाबून गाठ बांधणारा जुना प्रेस दोन-तीन मजली असायचा, म्हणून इमारतीला ती उंची. आजची गाठ साधारण १७० किलोची धरतात; तेवढी रुई लहानशा चौकोनात कोंबायला काय ताकद लागत असेल, याचा अंदाज प्रेसच्या पायाकडे पाहिल्यावर येतो. दोन इमारतींमधलं अंतर आगीच्या भीतीनं ठेवलेलं असतं. रुईला ठिणगी पुरते. विडी-काडीला मनाई करणारी पुसट पाटी, वाळूच्या बादल्यांचे खिळे, छपरावरची पाण्याची टाकी, सगळं त्याच भीतीतून आलेलं. एकदा हे कळलं की मधली रिकामी जागा फोटोत कापून टाकावीशी वाटत नाही. मी तर म्हणेन, आवारातला सर्वात चांगला फोटो त्या मोकळ्या जागेचाच निघतो: एका बाजूला जिनघर, दुसऱ्या बाजूला प्रेसघर, मागे धुराडं.

मिलचं गणित वेगळं. कापडगिरण्यांचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं आणि दात्याची काचेची बाजू उत्तरेला. ऊन थेट आत येऊ नये, सूत तुटलेलं लगेच दिसावं, मागावर सावली पडू नये, यासाठी ती योजना. मिलच्या अशा खात्यात, म्हणजे विभागात, दिवसभर मऊ, सपाट उजेड मिळतो. हा उजेड नाट्यमय नाही म्हणून नव्या माणसाला आवडत नाही आणि तो कॉन्ट्रास्ट ताणत बसतो. ताणू नका. शेकडो लोक आठ-आठ तास याच उजेडात काम करत होते. फोटोत करडा रंग करडाच राहू द्या. फक्त करड्याच्या छटा भरपूर असू द्या.

यात आपल्याकडची एक गंमत आहे. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि सकाळी तो ईशान्येकडून वर येतो. म्हणजे वर्षातले हे थोडे दिवस उत्तरेच्या काचांतूनही थेट ऊन खात्यात उतरतं आणि खांबांच्या तिरप्या सावल्या जमिनीवर पडतात. याउलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या दारातून येणारं ऊन तेव्हा दाराच्या उंचीइतकं आत पोचतं. बारा फुटी दार असेल तर बारा फूट. जिनघराची दारं मोठी असतात, त्यामुळे आतल्या फोटोंसाठी मी डिसेंबर-जानेवारी धरतो. तोवर गवत विरळ झालेलं असतं, भिंतीचं काळ्या दगडाचं जोतं मोकळं दिसतं, आणि पाय कुठे ठेवतोय तेही दिसतं.

आता विटा आणि आकाश. इथे बहुतेकांचं चुकतं, कारण ते लाल फिल्टर एकदा निवडतात आणि बारा महिने तोच वापरतात. लाल किंवा नारिंगी फिल्टर लाल वीट उजळ करतो आणि निळं आकाश गडद करतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसानं हवा धुतलेली असते, आकाश खरोखर निळं असतं. तेव्हा धुराडं उजळ आणि मागचं आकाश गडद, असा फोटो छान उठतो. पण एप्रिल-मेमध्ये खान्देशात आकाश धुळीनं पांढरटलेलं असतं. त्यात निळं काही नसतंच, मग फिल्टर गडद काय करणार? उलट वीट उजळ होऊन पांढऱ्या आकाशात विरघळते. अशा दिवसांत उलट जायचं: कॉम्प्युटरवर फोटो कृष्णधवल करताना लाल रंगाचा स्लायडर खाली ओढा, वीट गडद करा आणि पांढरं आकाश पांढरंच ठेवा. काळा दगड मात्र कुठल्याच फिल्टरला फारसा बधत नाही. त्याला तिरपं ऊनच लागतं. सकाळी आठच्या आत दगडावरचे छिन्नीचे घाव दिसतात, दहानंतर भिंत सपाट.

डिजिटलवर हे सगळं नंतर करता येतं, अट एकच, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोनोक्रोम लावून ठेवा म्हणजे डोळ्याला सवय होईल. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतात. निळा स्लायडर एकदम तळाला नेऊ नका. आकाशात कण येतात आणि धुराड्याच्या कडेला पांढरी किनार उमटते. ती किनार मोठ्या प्रिंटमध्ये फार खुपते.

आतलं एक्स्पोजर म्हणजे खरी परीक्षा. आत अंधार, खिडकीत भडका. आयएसओ १००, एफ ८, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकानं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन ते पाच फोटो. पण ते जोडताना सगळं सारखं उजळ करू नका. खिडकीबाहेरची झाडं दिसायलाच हवीत असं नाही. काच पांढरी गेली तरी चालेल, गज मात्र टिकले पाहिजेत. आणि अंधाऱ्या कोपऱ्यात नुसतं काळं राहू नये. कैच्यांवर रुईचे तंतू आणि जाळी साचून पांढरट झालर झालेली असते. ती दिसली की हे जिनघर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

फिल्मवर करायचं तुमच्या मनात असेल तर इलफर्ड एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म बरी पडते. सावलीत जिथे तपशील हवा तिथलं उजेडाच्या मीटरचं रीडिंग घ्या, दोन स्टॉप कमी करा, आणि डेव्हलपिंगची वेळ थोडी घटवा म्हणजे खिडक्या हाताबाहेर जाणार नाहीत. मीटरनं १० सेकंद सांगितले तर २० द्यावे लागतात, लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. डेव्हलपरचे तक्ते २० अंश सेल्सिअसचे असतात आणि आपल्याकडे मेमध्ये टाकीतलं पाणीच तापलेलं येतं, तेव्हा बर्फाच्या भांड्यात बाटली बसवून तापमान उतरवा आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा.

दोन जणांचं काम जरूर बघा. बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन जोडपं. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, चुन्याच्या भट्ट्या मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यावर कृष्णधवलमध्ये टिपल्या. ढगाळ आकाश, समोरून सरळ, उभ्या रेषा उभ्याच, माणूस नाही. मग एकाच जातीच्या वास्तूंचे फोटो शेजारी शेजारी लावायचे. तसं लावलं की प्रत्येक टाकीचा वेगळा स्वभाव दिसायला लागतो. १९९० च्या व्हेनिस बिएनालेत त्यांना या कामासाठी पारितोषिक मिळालं, तेही शिल्पकलेचं. हे काम खान्देशात सहज करता येईल. धरणगाव, पारोळा, पाचोरा, जामनेर, बोदवड, शिरपूर, दोंडाईचा, कापसाच्या बाजारपेठांची गावं एका माळेत आहेत. नुसती प्रेसघरं घ्या, किंवा नुसती धुराडी. जूनच्या शेवटी ढग येतात आणि गवत अजून वाढलेलं नसतं, ते दोन-तीन आठवडे त्यासाठी राखून ठेवा. हे लवकर व्हायला हवं. जळगावला स्टेशनसमोरची खान्देश मिल गेली, तिच्या जागेवर आज खान्देश सेंट्रल आहे. जमिनीला भाव आला की इमारत राहत नाही.

दुसरे आपलेच, चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस. त्यांचं घर स्टेशनपासून जवळच आहे आणि आता तिथे संग्रहालय आहे. त्यांनी कारखाने टिपले म्हणून नव्हे, तर कागदावर काळा रंग किती खोल जाऊ शकतो हे डोळ्यानं बघण्यासाठी जा. टेबलावर चार वस्तू मांडून, उजेड वळवून ते अख्खं दृश्य उभं करायचे. मोबाइलच्या पडद्यावर ही गोष्ट कळत नाही. आपण मात्र वस्तू मांडायची नाही. ऑफिसात हजेरीचं पुस्तक, किल्ल्यांचा फळा, कॅलेंडर सापडेल. जिथे आहे तिथेच टिपायचं. खुर्ची उजेडात ओढून ठेवली की फोटो सुंदर होतो आणि खोटा होतो.

परवानगीशिवाय आत जाऊ नका, भिंत पडलेली असली तरी. जिनिंग बहुधा एखाद्या कुटुंबाची असते, त्यांच्याकडे सरळ घरी जा. सहकारी कारखाना असेल तर तो अवसायकाच्या (बंद संस्थेचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) किंवा बँकेच्या ताब्यात असू शकतो. तिथे लेखी अर्ज, आणि त्याची प्रत खिशात. भुसावळकडे रेल्वेच्या जुन्या वास्तू असतील तर विभागीय कार्यालयाची परवानगी लागतेच. फाटकावरच्या वॉचमनला टाळून जाण्याचा विचारही करू नका. "कोना पोऱ्या शे तू?" असं तो विचारेल, तेव्हा नीट गाव-घर सांगा, चहा घ्या. पुष्कळदा तो तिथलाच जुना कामगार निघतो, आणि कुठल्या खोलीत काय होतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पुढच्या वेळी त्याचा एक प्रिंट घेऊन जायचा, हे विसरू नका.

एकटं जाऊ नका. दारातून आत गेल्यावर चार-पाच मिनिटं उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या; प्रेसचा खड्डा आणि शाफ्टचा बोळ बऱ्याच ठिकाणी उघडे असतात. लाकडी माळ्यावर चढायचं नाही, कितीही भक्कम वाटला तरी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं, तुटके तुकडे हलवू नका, मास्क लावा. धुराड्याला किंवा टाकीखाली आग्यामोहोळ दिसलं तर त्या दिवशी तो फोटो सोडून द्या.

आणि लेन्स. वाइड लेन्स सध्या घेऊ नका. ती जवळ उभं राहून वर बघायला लावते, आणि मग धुराडी मागे कलतात, भिंती आत झुकतात. भुताच्या वाड्याचा निम्मा परिणाम तिथूनच येतो. तुमच्या १८-५५ वर २४ ते ३५ मध्ये राहा, १८ वर कडेच्या रेषा फुगतात. मागे सरका, कॅमेरा पातळीत ठेवा, खालची जास्तीची जमीन नंतर कापा. पैसे घालायचेच असतील तर ट्रायपॉडमध्ये घाला. जड घ्या, आणि मधली दांडी वर न ओढता तो डोळ्याच्या उंचीला येतो का, हे दुकानातच उभं करून बघा.