तळटिपेचं बोट धरून

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

झोपडपट्ट्यांवरच्या तोडक कारवाईबद्दलचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मांडणी आवडली. पण तळटिपांत सगळी अमेरिका आणि इंग्लंडच. 'आफ्रिकेचं, बांगलादेशचं काही सापडत नाही' हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. महागड्या डेटाबेसमध्ये नसलेलं खूप काही बाहेर आहे.

सुरुवात घरापासून कर. १९८५चा ओल्गा टेलिस निकाल आपल्या मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांचा. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं त्यात म्हटलं. तो पुढे कुठे कुठे पोचला, ते शोध. १९९९ मध्ये ढाक्यातल्या बस्त्या पाडल्या, तेव्हा आईन ओ सालिश केंद्र ही संस्था कोर्टात गेली आणि तिथल्या हायकोर्टानं याच निकालाचा आधार घेतला. तो 'बांगलादेश लीगल डिसिजन्स' या निकालसंग्रहात आहे, खंड १९, पान ४८८. एवढा पत्ता हातात असला की ग्रंथपालांनाही मदत करता येते.

दक्षिण आफ्रिकेच्या निकालांसाठी सॅफली, केनियाच्या निकालांसाठी केनिया लॉ, दोन्ही संकेतस्थळं फुकट. घराच्या हक्काबद्दलच्या ग्रूटबूम खटल्यापुढे '२००० झेडएसीसी १९' दिसेल. झेडए म्हणजे दक्षिण आफ्रिका, सीसी म्हणजे तिथलं संविधान न्यायालय, १९ हा निकालाचा क्रमांक. तो कुठल्याच छापील खंडावर अवलंबून नाही. आणि शोधताना झोपडपट्टीसाठी शब्द त्यांचे वापर: दक्षिण आफ्रिकेत 'इन्फॉर्मल सेटलमेंट', ब्राझीलमध्ये 'फावेला'.

एक गोष्ट मात्र जिवाला लावून घे. नैरोबीच्या विल्सन विमानतळाजवळची मितुंबा वस्ती २०११ मध्ये पाडली. २०१३ला हायकोर्ट रहिवाशांच्या बाजूनं उभं राहिलं, २०१६ला अपील कोर्टानं तो निकाल रद्द केला, २०२१ला सुप्रीम कोर्टानं अपील कोर्टाचं म्हणणं फिरवलं. मी एका टिपणात २०१३चाच निकाल धरून बसलो होतो, अपील झालंय का हे पाहिलंच नव्हतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समासात लाल शाईनं एवढंच लिहिलं: 'पुढे काय झालं?' ते पान मी अजून जपून ठेवलंय. परक्या देशातल्या वस्तीबद्दल लिहिताना तरी असं अर्धवट लिहू नये. ती माणसं आपल्याला दुरुस्त करायला येणार नसतात.

ढाक्याचा निकाल मिळाला की त्याची झेरॉक्स मलाही पाठव, तुझ्या समासातल्या खुणांसकट.

तुझा,
सर