कॉफीत कच्च्या बटाट्याचा वास कुठून आला?

प्रश्न : आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाच्या कॉफीच्या बियांचं २५० ग्रॅमचं पाकीट मागवलं. रोज छान लागायची. एका सकाळी मात्र कपाला कच्च्या बटाट्याच्या सालीसारखा वास आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. माल शिळा आहे की भेसळीचा? (एक वाचक, वाशी)

उत्तर : शिळाही नाही, भेसळीचाही नाही. याला ‘पोटॅटो डिफेक्ट’ म्हणतात, आणि बुरुंडी, रवांडा व आजूबाजूच्या सरोवरांच्या प्रदेशातल्या कॉफीत तो अधूनमधून निघतोच. वास असतो पायरॅझिन गटातल्या रसायनाचा. अँटेस्टिया नावाचा किडा झाडावरच्या फळाला भोक पाडतो, त्याच्याशी या दोषाचा संबंध लावला जातो. भाजून वास जात नाही आणि भाजलेली सदोष बी डोळ्यांनी ओळखूही येत नाही. तिथल्या वॉशिंग स्टेशनवर, म्हणजे फळं धुऊन बी काढण्याच्या केंद्रावर, फळं पाण्यात टाकतात, तरंगणारी काढून टाकतात, पुढे हातानं निवडतात. तरी एखादी बी निसटते. एका कपाच्या १५ ग्रॅममध्ये शंभरावर बिया असतात, त्यातली एक कप बिघडवायला पुरते. शिळ्या मालाचा वास मात्र सगळ्या पाकिटाला येतो, एखाद्याच कपाला नाही.

आरोग्याला धोका नाही. सवय एवढीच लावा: एका कपापुरत्याच बिया दळा आणि पाणी ओतण्याआधी पूड हुंगा. दोष असेल तर तिथेच कळतो. ती पूड फेकून द्या, ग्राइंडर ब्रशनं झाडा, त्यातून ५ ग्रॅम बिया दळून त्याही टाका, मग पुढचा कप. आठवड्याची कॉफी एकदम दळून ठेवलीत तर एका बीपायी सगळी वाया जाईल.

प्रश्न : हीच कॉफी साउथ इंडियन फिल्टरमध्ये, दूध-साखर घालून? (ऐरोली)

उत्तर : करता येते, पण पैसे वाया. हलक्या भाजलेल्या बुरुंडीची फळासारखी आंबट चव दुधात विचित्र लागते. दुधासाठी कर्नाटकातली मध्यम भाजलेली पीबेरी (फळात दोनऐवजी एकच गोल बी येते ती) घ्या, चिकोरी आवडत असेल तर तीही.

प्रश्न : व्ही६० मध्ये (कागद लावायच्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरमध्ये) माझी बुरुंडी आंबट आणि पातळ होते. घरी आरओचं पाणी आहे. सोसायटीत टँकर आला की त्याचं पाणी वापरावं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आधी दळण बघा. बुरुंडीतल्या कायांझा, न्गोझी भागातली बूरबाँ जातीची ही कॉफी साधारण १,५०० ते २,००० मीटर उंचीवर होते. बी टणक, त्यात हलकी भाजलेली, म्हणून कोमट पाण्याला दाद देत नाही. पाणी ९४ ते ९६ अंश हवं, म्हणजे उकळी थांबली की लगेच. फिल्टरचा कागद आधी गरम पाण्यानं धुवा. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. पहिलं ४५ ग्रॅम ओतून ४० सेकंद थांबा, सव्वा मिनिटापर्यंत १५० ग्रॅम, पावणेदोन मिनिटांपर्यंत उरलेलं. सगळं पाणी पावणेतीन ते सव्वातीन मिनिटांत गळून जायला हवं. दोन मिनिटांत गळलं तर दळण जाड आहे, आंबटपणा तिथूनच. साडेतीनच्या पुढे जाऊन घसा कोरडा पडला तर एक खूण जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

आता पाणी. आरओ खनिजं फार काढतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, २०-३० असेल तर कॉफी पोकळ लागते. बोअरवेलचं टँकरचं पाणी बहुधा दुसऱ्या टोकाला: त्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारून टाकतं, चव सपाट होते आणि केटलीत पांढरी पुटं धरतात. कॉफीसाठी ते नकोच. पालिकेचं पाणी उकळून, गाळून आरओमध्ये मिसळा आणि टीडीएस ७५ ते १५० च्या दरम्यान आणा. मीटर काही शे रुपयांत मिळतो.

प्रश्न : पावसाळ्यात बिया फ्रिजमध्ये ठेवाव्यात का? (नेरूळ)

उत्तर : खालच्या कप्प्यात नको, लसूण आणि सुक्या बोंबलाचा वास बिया झटकन ओढून घेतात. महिन्याभरात संपणार असतील तर झडप असलेल्या पाकिटातच, हवा दाबून काढून, ओट्यापासून लांब ठेवा. जास्त असतील तर १५-१५ ग्रॅमच्या घट्ट पुड्या करून फ्रीझरमध्ये. पुडी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. जुलैच्या दमट हवेत गार बियांवर लगेच पाणी धरतं, आणि ओलसर पूड ग्राइंडरला चिकटून बसते.