पाखरांना चारलेली तलवार

मध्ययुगीन युरोपातल्या तलवारी आणि त्यांच्या दंतकथा हा मित्रांच्या गप्पांत हमखास रंगणारा विषय. कुणी एक लोणकढी थाप सोडतो, दुसरा त्यावर कडी करतो, पैज लागते आणि मग प्रश्न आमच्याकडे येतो. या वेळचे प्रश्न वाचताना एक जाणवलं. बहुतेक ठिकाणी मूळ कथाच मित्रांच्या थापेपेक्षा जास्त अचाट आहे.

प्रश्न : आमच्यातला एक जण ठासून सांगतो की सरदारांच्या तलवारी पंधरा-वीस किलोंच्या असत. आम्ही त्याचं नाव ‘वीस किलो’ ठेवलं आहे. ते मागे घ्यावं लागेल का?

राहू द्या. एका हाताने चालवायची मध्ययुगीन तलवार साधारण १ ते १.३ किलोची असे. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार दीड किलोच्या आसपास. सोळाव्या शतकातल्या भाडोत्री सैनिकांच्या माणसाएवढ्या तलवारीसुद्धा दोन ते सव्वातीन किलोंत बसत. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. एकहाती तलवारीचा तोल परजेपासून (मूठ आणि पातं यांच्या मधली आडवी दांडी) १० ते १५ सेंटिमीटर पुढे असला की ती हातात हलकी वाटते. तो पुढे सरकला की तेवढ्याच वजनाची तलवार मनगट मोडते. मुठीच्या टोकाचा धातूचा गोळा त्यासाठीच असतो, शोभेसाठी नव्हे.

गैरसमज पसरला तो बराचसा मिरवणुकीत मिरवायच्या तलवारींमुळे. नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या संग्रहालयात २.१३ मीटर लांबीची, सुमारे ६.६ किलोची तलवार आहे. ती १५२० साली वारलेल्या पिअर नावाच्या धिप्पाड फ्रिशियन (त्याच भागातल्या) बंडखोराची, असं लोक सांगतात. ती त्याने रणात चालवली यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तिचंही वजन वीस किलोंच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच भरतं.

प्रश्न : दगडातून उपसलेली तलवार म्हणजेच आर्थर राजाची एक्सकॅलिबर ना? आणि अशी तलवार खरंच कुठे आहे का?

कथा जसजशी वाढत गेली तसतशा या तलवारी एकमेकींत मिसळल्या. सन ११३६च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथने लॅटिनमध्ये आर्थरची कथा लिहिली. तीत तलवार आहे, ती ॲव्हलॉन बेटावर घडवलेली आहे, पण दगड नाही. दगड आला सुमारे १२०० साली, रोबेर द बोरोन या फ्रेंच कवीबरोबर. तिथेही दगडावर आधी ऐरण आहे आणि तलवार रुतलेली आहे ती ऐरणीत. १४८५ साली छापल्या गेलेल्या, मॅलरी या इंग्रज लेखकाच्या कथेत तर दगडातली तलवार लढाईत मोडते आणि मग तळ्यातली बाई आर्थरला दुसरी, म्हणजे एक्सकॅलिबर, देते. पैज याच मुद्द्यावर असेल तर ‘दोन वेगळ्या’ म्हणणाऱ्याचं पारडं जड आहे.

मॅलरीची खरी गंमत पुढे आहे. आर्थरचा जादूगार सल्लागार मर्लिन विचारतो, तलवार आवडली की म्यान? आर्थर अर्थातच तलवार म्हणतो. मर्लिन सांगतो की म्यान दहा तलवारींच्या तोडीचं आहे, कारण ते कमरेला असेपर्यंत जखमेतून रक्त जाणार नाही.

खरीखुरी पाहायची असेल तर इटलीत सिएनाजवळ मोंतेसिएपीच्या गोल चॅपेलमध्ये आहे. ११८१ साली वारलेल्या संत गाल्गानोने लढाया सोडल्यावर प्रार्थनेसाठी क्रूस हवा म्हणून तलवारच खडकात खोचली, अशी कथा आहे. परज आणि मूठ वर राहिली की क्रूस आपोआप तयार होतो. तलवारीची घडण बाराव्या शतकाशी जुळते. ती आता पारदर्शक आवरणाखाली आहे, कारण येणारे जाणारे उपसून पाहत असत.

प्रश्न : पात्याच्या मधली पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते?

नाही. ती वजन कमी करण्यासाठी असते. मधलं पोलाद काढलं तरी पातं फारसं जास्त लवत नाही, कारण पन्हळीच्या दोन्ही बाजूंना जाडी शिल्लक राहते. रक्ताला पन्हळीची गरज नसते.

प्रश्न : तापलेली तलवार शत्रूच्या रक्तात विझवली की जास्त कडक होते, असं एका मित्राचं म्हणणं आहे. दुसरा म्हणतो, रक्त नव्हे, मूत्र. आम्ही दोघांनाही हसलो.

दुसऱ्याला हसण्यात घाई झाली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस नावाच्या साधूने कारागिरीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात अवजारांना पाणी देण्याच्या दोन कृती आहेत. बोकडाला तीन दिवस उपाशी बांधून ठेवायचं, मग फक्त नेचे खायला घालायचे आणि त्याचं मूत्र जमवायचं. किंवा लाल केसांच्या लहान मुलाचं मूत्र घ्यायचं. केसांचा रंग सोडून द्या, बाकीच्यात तथ्य आहे.

लाल पोलाद साध्या पाण्यात बुडवलं की त्याच्याभोवती वाफेचं वेष्टन तयार होतं. जिथे ते टिकतं तिथे धातू सावकाश थंड होतो आणि मऊ राहतो. कडकपणा मग ठिपक्याठिपक्यांनी येतो. पाण्यात क्षार असले की ते वेष्टन लवकर फुटतं आणि धातू सगळीकडून झपाट्याने थंड होतो. यासाठी आजही लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास मीठ घालतात. मूत्र हे कमी ताकदीचं मीठपाणीच, आणि ते हवं तेव्हा मिळतं.

रक्ताचा हिशेब मात्र कुठेच जुळत नाही. त्यात मीठ जेमतेम एक टक्का. वर प्रथिनं तापलेल्या धातूवर साकळून थर धरतात आणि उष्णता अडवतात. शिवाय मोठ्या माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर. ८० सेंटिमीटरचं पातं बुडवायला मीटरभर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल डोणी घेतली, तरी तिला दहा लिटर लागतात. थिओफिलसची कृतीही लहान अवजारांसाठी होती. पूर्ण तलवार विझवायला तो लहान मुलगा बिचारा कुठे पुरणार?

तलवारीसाठी मीठपाणी धोक्याचंच. पातळ धार आधी थंड होऊन फुगते, जाड मध्यभाग मागे राहतो आणि ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की पात्याला तडा गेला समजायचं. म्हणून साधारण ०.६ टक्के कार्बन असलेलं पातं लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवतात (सुमारे ७७० अंश), मग थोडं आणखी, ८०० ते ८२०पर्यंत, आणि ५०-६० अंशांना कोमट केलेल्या तेलात सरळ उभं बुडवतात. तिरकं गेलं की वाकलंच. एवढं झाल्यावर ते काचेसारखं ठिसूळ असतं. पृष्ठभाग घासून पुन्हा हळूहळू तापवलं की आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. तलवार जांभळ्या-निळ्यावर थांबवायची. पिवळ्यावर थांबवलेली पहिल्या जबर घावाला तुटते.

प्रश्न : तलवारीचा कीस पक्ष्यांना चारून त्यांच्या विष्ठेतून नवी तलवार घडवणाऱ्या लोहाराची गोष्ट खरंच कुठल्या जुन्या ग्रंथात आहे, की आमच्या मित्राने ती रचली?

आहे. तेराव्या शतकात नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत लिहिलेल्या एका सागात (गद्य वीरकथेत) ती येते. लोहाराचं नाव वेलेंट. त्याची पहिली तलवार नदीतून वाहत आलेला फूटभर जाड लोकरीचा पुंजका कापते. त्याचं समाधान होत नाही. तो कानशीने तलवारीचा पार भुगा करतो, पिठात मिसळतो आणि उपाशी ठेवलेल्या पाळीव पक्ष्यांना चारतो. विष्ठा भट्टीत घालून नवी घडवतो. ती दोन फूट कापते. पुन्हा कानस. तिसरी, मिमुंग, तीन फूट कापते.

परीक्षा फार विचारपूर्वक निवडली आहे. तरंगती लोकर कुणी धरलेली नसते, घाव लागला की ती बाजूला सरते. तिथे जोर कामी येत नाही, फक्त धार. आता भट्टीकडे पाहू. त्या काळच्या लोखंडात मळीच्या (धातू गाळताना उरलेल्या मळाच्या) रेघा अडकलेल्या असत. भुगा करून पुन्हा जोडताना मळी बाहेर पडायला वाव मिळतो. विष्ठेत नत्र भरपूर, आणि नत्र शिरलं की लोखंड कडक होतं. कीस जितका बारीक तितकं ते सहज शिरतं. मात्र हाच कीस उघड्या भट्टीत टाकला तर जळून राख होईल. तो मातीच्या बंद मुशीतच, कोळशाच्या भुग्याबरोबर हवा. पाखरांना मध्ये घालण्याची तशी गरज नव्हती. विष्ठा थेट मुशीत घातली असती तरी चाललं असतं, पण मग गोष्ट कोण ऐकणार?

शेवट तर कुठल्याही चेष्टेला मागे टाकेल. प्रतिस्पर्धी लोहार अमिलिअस पैजेसाठी आपणच घडवलेलं चिलखत घालून बसतो. वेलेंट शिरस्त्राणावर तलवार टेकवून दाबतो आणि विचारतो, काही जाणवलं? अमिलिअस म्हणतो, अंगातून गार पाणी गेल्यासारखं वाटलं. वेलेंट म्हणतो, जरा अंग झटक. तो झटकतो, आणि दोन बाजूंना दोन अर्धे पडतात.

प्रश्न : मित्राच्या वाढदिवसाला दगडातली तलवार करायची आहे. सगळ्यांनी ओढावी, पण निघावी फक्त त्याच्याच हातून. विद्युतचुंबक लावू का?

नको. चुंबकाची छापील पकड जाड, सपाट, उघड्या लोखंडासाठी असते. मध्ये रंगाचा थर आला तरी ती खूप घसरते. खिट्टी करा.

१८ मिलिमीटर प्लायवूडचा ९० बाय ९० सेंटिमीटरचा पाट घ्या. ओढणाऱ्याने याच पाटावर उभं राहायचं. स्वतःच्या पायाखालचा पाट कुणालाही उचलता येत नाही, त्यामुळे दगडात वाळू भरायची गरज नाही. मध्यभागी पातं आत उतरेल अशी ३५ सेंटिमीटर उंचीची प्लायची उभी खोळ लोखंडी कोनांनी आणि नट-बोल्टने बसवा. नुसते स्क्रू प्लायच्या कडेत मारले तर दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला उपटून येतील.

पातं १२ मिलिमीटर प्लायचं, ५ सेंटिमीटर रुंद, टोक गोल, धार नाही. मूठ वेगळी चिकटवू नका, पात्याचीच पट्टी मुठीतून वरपर्यंत जाऊ द्या. खालच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडा आणि तिथे दोन्ही बाजूंनी २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टने आवळा, नाहीतर भोक फाटेल. खिट्टी म्हणून १० मिलिमीटरची लोखंडी सळई खोळ आणि पातं यांतून आरपार घाला, तिचं टोक मागच्या बाजूला बाहेर राहू द्या. खोळीत प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि ती रंग वाळल्यावर मोजा. दगड थर्माकोलचा कोरा. त्यावर थेट स्प्रेचा रंग मारला तर थर्माकोल विरघळतो. आधी पांढरा डिंक आणि प्लास्टरचा लेप द्या.

सळई काढायची ती दोन पाळ्यांच्या मधे. कुणी ओढत असताना ती दाबाखाली अडकते, हलत नाही. आणि एक जपा : सगळे हरलेले पाहून वाढदिवसवाला सगळा जीव लावून ओढणार, तेव्हा मोकळी तलवार थेट हनुवटीवर येईल. खोळीच्या तोंडाशी आत नमद्याच्या (फेल्टच्या) पट्ट्या चिकटवा म्हणजे ती थोडी घट्ट निघेल, आणि त्याच्या मागे दोन मीटर जागा रिकामी ठेवा.