आधी बटण, मग पेला

बाळ, अनेक आशीर्वाद.

फिनलंडमधल्या इनारीच्या रेनडियर फार्मवर हिवाळाभराचं काम मिळालं, हे वाचून आनंद झाला. पण पहिल्याच ओळीत तू कुक्सा कोरायचं विचारतेस. त्या लाकडी पेल्याला इतक्यात हात लावू नकोस.

मी लावला होता. बर्चच्या खोडावर गाठ येते, तिच्यातले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून तिचा पेला टिकतो. आठवडाभर कोरला आणि लवकर वाळावा म्हणून शेगडीजवळ ठेवला. रात्री ‘तड्’ आवाज आला. काठापासून बुडापर्यंत चीर! फार्मवरच्या आजोबांनी तो उचलला आणि काही न बोलता त्यात खिळे भरून ठेवले. पुढचा पेला मिठाच्या पाण्यात उकळला, कोरीवकामाच्या भुशासकट कागदी पिशवीत घालून थंड खोलीत कित्येक आठवडे ठेवला. तो आजही चहाला वापरते.

तू शिंगाच्या बटणापासून सुरुवात कर. रेनडियरचं शिंग म्हणजे हाडच, गाईम्हशीच्या शिंगासारखं पोकळ नव्हे. आजी सहाणेवर सांबरशिंग उगाळायची, त्याच जातीचं. बाहेरून टणक, आत जाळी. म्हणून बटण टोकाकडच्या भरीव भागातून काप. आधी शिंग पाण्यात भिजव, बारीक दातांच्या करवतीने चकती काढ, मग कानस, मग पॉलिश पेपर. दाताच्या डॉक्टरकडे दाढ कोरताना येतो ना, तोच वास येईल. धूळ छातीत जाते, मास्क लावल्याशिवाय करवत उचलायची नाही.

रेनडियरमध्ये माद्यांनाही शिंगं असतात. नरांची माजाचा काळ सरल्यावर गळतात, गाभण माद्यांची वसंतात वीण होईपर्यंत टिकतात. पर्यटक विचारतील, ‘ही सगळी गळलेलीच का?’ हो म्हणून मोकळी होऊ नकोस. काही कत्तलीनंतरची असतात, आणि कातडं तर कत्तलीचंच. आपल्या घरच्या संस्कारांमुळे मला हे सांगताना सुरुवातीला जड जायचं.

रानातून काय आणशील तेही जपून. फिनलंडमध्ये बेरी, अळंबी कुणीही तोडावी. जिवंत झाडाची साल, फांदी, शेवाळ किंवा लायकेन मात्र जमीनमालकाला विचारल्याशिवाय नाही. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. रेनडियरचा तो हिवाळ्यातला चारा, आणि वाढतो वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. शोभेच्या चक्रासाठी टोपलीभर ओरबाडून आणू नकोस.

आता मला खटकलेली गोष्ट. तू लिहितेस, ‘सामी नक्षीची कीचेन करून विकीन.’ नको. सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी, त्यांच्या हस्तकलेला दुओजी म्हणतात. १९८२ पासून तिची स्वतःची खूणचिठ्ठी आहे आणि ती सामी कारागिरांनाच लावता येते. कोल्हापुरीचं नाव भलत्याच चपलेला लावलं की आपण कसे चिडतो! इनारीतच सामी शिक्षण संस्था आहे, तिथे दुओजी शिकवतात. कारागिरांचं काम बघायला जरूर जा. तुझ्या बटणावर मात्र तुझंच नाव घाल आणि नक्षीही तुझीच काढ.

डिसेंबरात तिथे सूर्य उगवत नाही, तेव्हा डोक्याला बांधायचा दिवा विसरू नकोस. आणि माझ्या करड्या कोटाचं वरून तिसरं बटण हरवलंय. चार भोकांचं हवं, दोन नकोत.

तुझी मावशी