एका बोटाच्या कॉर्डने सुरुवात करताना

कीबोर्डवर एकच पट्टी दाबून पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि तालाची साथ देणारा सोपा मोड वापरायला अजिबात लाजू नका, फक्त सुरुवातीला तीन गोष्टी सांभाळा.

- आधी स्प्लिट पॉइंट, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करणारी हद्द, बघा. त्याच्या डावीकडची पट्टी कॉर्ड ठरवते, उजवीकडे धून वाजते. धून वाजवताना मध्येच साथ बदलली, तर उजवा हात ती हद्द ओलांडून डावीकडे गेलाय असं समजा.
- कॉर्डची पट्टी दाबून धरू नका. ताल चालू असेपर्यंत साथ पुढची कॉर्ड येईपर्यंत तीच धरून ठेवते. पट्टी मात्र सम येताच दाबा. उशीर झाला तर आधीचाच कॉर्ड पुढच्या आवर्तनात घुसतो आणि सगळं बेसूर वाटतं.
- टेम्पो (मिनिटाला ठोके) ६० ते ७० ठेवा. बहुतेक जण इथेच घाई करतात.

सिंक स्टार्ट चालू ठेवा, म्हणजे पहिल्या कॉर्डबरोबरच ताल सुरू होईल. सी, एफ, जी एवढे तीन मेजर कॉर्ड सध्या भरपूर झाले. मायनर कॉर्ड दाबायची खूण कंपनीगणिक वेगळी: कुठे मूळ पट्टीसोबत डावीकडची जवळची काळी, कुठे उजवीकडची कोणतीही एक. मॅन्युअल बघा, अंदाजाने दाबू नका.

या तीन कॉर्डमधले बदल न अडखळता जमले की डाव्या हाताने सी-ई-जी, म्हणजे सी मेजरचे तिन्ही स्वर, पूर्ण दाबून बघा. इन्व्हर्जन, सेव्हन्थ वगैरे कॉर्डचे पुढचे प्रकार नंतर विचारा.