मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं द्रावण यूव्ही दिव्याखाली टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरने फिकं झालं, पण रंग तुटला की कणांना चिकटला, हे कसं ओळखायचं?

दिवा लावण्याआधी अंधारात ढवळा. १०० मिली द्रावण (१० मिग्रॅ/लिटर), १०० मिग्रॅ पावडर, अर्धा तास. एवढ्यात जो रंग कमी झाला तो नुसता चिकटलेला. उरलेल्या रंगाची तीव्रता हीच तुमची सुरुवात धरा. सामू ७ च्या वर असेल तर कण ऋणभारित होतात आणि हा धनभारित रंग जास्तच चिकटतो.

मग ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा लावा. साध्या पांढऱ्या एलईडीने पावडर नीट काम करणार नाही, तिला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो. नमुना सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून कण तळाशी बसवून) वरच्या पाण्याचं प्रकाशशोषण ६६४ नॅनोमीटरला मोजा. गाळला तर फिल्टरही रंग खातो. पावडर न घालता, फक्त दिव्याखाली एक द्रावण ठेवाच, म्हणजे नुसत्या दिव्याने किती रंग जातो ते कळेल. पावडर वाढवत नेलीत तर पाणी गढूळ होऊन प्रकाशच आत पोचत नाही.

आणि रंग गेला म्हणजे रेणू संपला असं नाही, ते कळायला टीओसी (पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजावा लागतो.