वाचक विचारतात: लिफ्ट किट घालू का नको?

प्रश्न: काका नमस्कार. मागच्या दिवाळीत थार घेतलीय, फोर बाय फोर डिझेल, अजून सगळी कंपनी फिटिंगच आहे. पण ग्रुपमधली पोरं म्हणतात लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), ३३ इंची टायर आणि विंच (रुतलेली गाडी ओढायचा मोटरचा दोर) टाकल्याशिवाय आमच्याबरोबर यायचं नाही, नाहीतर आमचा दिवस तुला ओढण्यातच जाईल. खर्चाचा आकडा ऐकून घरी सांगायची हिंमत होईना. चाळकेवाडी, सडावाघापूर साइडला जायचंय. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर: नको घालूस. निदान या वर्षी तरी नको. तुझ्या गाडीला जन्मतःच २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनीच सांगते, वर लो रेंज (हळू पण जास्त ताकदीचा गिअर) आहे, अजून काय पाहिजे? पूर्वी आपल्या पाटण-जावळीच्या वाड्यावस्त्यांवर वडापच्या, म्हणजे शेअर प्रवाशांच्या, जीपा जायच्या, टू-व्हील ड्राइव्ह, टायर गुळगुळीत, आत पंधरा माणसं, टपावर पोती आणि मागं लटकलेला किन्नर (क्लीनर), त्यांना कुणी लिफ्ट किट घातलं होतं? ड्रायव्हरला वाटेतला एकेक दगड तोंडपाठ होता, बास. तू तो दगड अजून बघितलाच नाहीस, मग गाडी कितीही उंच कर, तो लागायचा तिथं लागणारच.

आणि एक गोष्ट ही पोरं सांगत नाहीत. लिफ्टनं बॉडी वर जाते, पण मागचा सलग अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधला डिफचा (डिफरन्शियलचा, दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) डबा जिथल्या तिथंच राहतो. आपल्याकडं घासतो तो नेमका तोच, कारण ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या खोल आणि मधला उंचवटा वाळून दगडासारखा झालेला. डिफ वर न्यायचा तर टायरच मोठं लागतं, आणि टायर मोठं केलं की गिअरिंगची वाट लागते, पिकअप मरतो, स्पीडोमीटर कमी स्पीड दाखवायला लागतो. शिवाय आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा, म्हणजे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा, गाडी वेगळी करायची नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उद्या विम्याच्या क्लेमची वेळ आली की हाच मुद्दा आडवा येऊ शकतो.

पैसे घालवायचे म्हणतोस तर प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर घे, गाडी ओढायची एक चांगली रिकव्हरी रोप, ती अडकवायला दोन शॅकल आणि एक खोरं. निम्मं ऑफरोडिंग हवेत आहे, खरं सांगतो. डांबरीवर ३०-३२ पीएसआय हवेला असलेलं टायर कच्च्यात शिरताना २०-२२ वर आणलं की ते लांबट पसरतं, जमीन धरतं, दगडावर आपटत नाही तर त्याला मिठी मारतं, आणि पाठीलाही बरं वाटतं. फक्त त्या हवेवर जोरात वळायचं नाही, टायर रिमवरून उतरतं, आणि डांबरीला लागायच्या आधी परत भरायची.

बाकी चालवायचं म्हणशील तर खाली उतरून चालत जाऊन बघायचं, लाज वाटून घ्यायची नाही. चाकोरी खोल दिसली की एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या काठावर घ्यायचं. उतार तीव्र असला की ४एल (लो रेंज), पहिला गिअर, पाय क्लचवरून लांब, इंजिनच गाडी धरून ठेवतं. क्लच दाबलास की गाडी मोकाट सुटली म्हणून समज. तिरक्यात एक चाक हवेत उचललं जाऊन नुसतं फिरायला लागलं तर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडू नको आणि एकदम दाबूही नको, एकसारखा धरून ठेव, गाडीची ब्रेकवाली सिस्टीम फिरणारं चाक दाबून ताकद दुसऱ्या चाकाला देते पण तिला एक-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपली पोरं पाय काढतात.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जांभा आहे. उन्हाळ्यात सँडपेपरसारखा धरतो, पावसाळ्यात शेवाळ चढलं की काच. त्यामुळं कड्याजवळ फोटोसाठी गाडी नेऊ नको, फोर बाय फोर चढवायला चारी चाकं वापरतं, थांबवायला तर आल्टोलापण चारच चाकं आहेत. आणि कास पठारावर रस्ता सोडून एक चाकसुद्धा घालायचं नाही हं, तिथं कातळावर मातीचा पातळ थर आहे आणि फुलं सगळी त्याच्यावर. पवनचक्क्यांचे रस्तेपण आधी विचारून मगच.

प्रश्न: भाऊ, आमची मारुतीची जिमनी आहे. पावसात द्राक्षबागेत जाताना मिस्टर ४एच (चारी चाकांना ताकद) टाकतात आणि तशीच घरापर्यंत आणतात. परवा गेटात वळवताना कटकट आवाज आला आणि लिव्हर निघेचना. गिअरबॉक्स गेला का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: नाही ताई, गेला नाही, पण मिस्टरांना हे वाचून दाखवा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, ४एचला दोन्ही शाफ्ट एकाच स्पीडनं फिरतात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक जरा घसरून तो फरक काढून टाकतं, डांबरी-काँक्रीटवर घसरायला जागाच नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकते. स्टिअरिंग सरळ करून दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर निघते. बागेचा चिखल संपला की २एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून चाकाचा लाडू होतो, तिथं ४एचचापण इलाज चालत नाही, त्या दिवशी चालतच जा.

प्रश्न: उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की आत मोकळं मैदान पडतं, तिथं फोर बाय फोर नेली तर चालते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मी नेली होती, उरमोडीच्या बॅकवॉटरला, मे महिन्यात. वरनं भेगा पडलेली कडक जमीन, म्हटलं टेनिस कोर्ट आहे. पाण्यापासून लांब होतो तोवर ठीक होतं, पुढं पापुद्रा फुटला आणि खाली दह्यासारखा गाळ. मी शहाण्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चार चाकांनी चार खड्डे खणले आणि गाडी पोटावर बसली. पोटावर बसलेल्या गाडीला फोर बाय फोर असून नसल्यासारखंच.

गाळपेर (पाणी सरकलेल्या गाळात पेरणी) करणाऱ्या एका बाबांचा ट्रॅक्टर आला. ते आधी बंपरलाच वायररोप बांधत होते, ते मी थांबवलं, एवढी अक्कल तेव्हा होती. दोर चॅसिसच्या हुकलाच लावायचा, मध्यावर ओलं पोतं टाकायचं म्हणजे तुटला तर उसळत नाही, आणि बघ्यांना लांब पाठवायचं. बाबा म्हणाले, आमी बैलसुदिक हितनं नेत न्हाय.

तुम्ही जाणार असाल तर जनावरांच्या खुरांचे ठसे बघा, खूर खोल गेलाय तिथनं मागं फिरा. रुतली तर चाक फिरवू नका, हवा १६-१८ वर आणा, पोटाखालचा गाळ खोऱ्यानं ओढून काढा, आलात त्याच चाकोरीनं रिव्हर्स. आणि दुसऱ्या दिवशी हायवेला ८० च्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच गॅरेजला पळू नका, रिमच्या आतल्या अंगाला गाळ वाळून बसलेला असतो, तो खरवडून धुऊन काढा.